दसऱ्याच्या आत एवढे करा : बारावीच्या वर्गशिक्षकांना आणि प्राचार्यांना खुले पत्र

माननीय प्राचार्य आणि बारावीचे वर्गशिक्षक यांना,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली अकरा वर्षे आपले सरकार सेवा केंद्र चालवते. वर्षभर तुमच्यासमोर बसणारी मुले निकाल लागल्यावर दोन-अडीच महिने माझ्यासमोर बसतात. हातात कॅरीबॅग, तिच्यात गुणपत्रिका, आधार कार्ड, आजोबांचा फाटका दाखला आणि सोबत कधी आई, कधी चुलता. त्या दिवसांत माझ्या बाकावर जे घडते ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. तोवर तुमचा पुढचा वर्ग सुरू झालेला असतो. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि दसऱ्याला अजून अवकाश आहे म्हणून आत्ताच लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वीची एक मुलगी सांगते. आजीजवळ राहून बारावी केली. राज्याच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीला, नव्वदच्या वर पर्सेंटाइल. क्लास नाही, जुन्या पुस्तकांवर अभ्यास. तिला पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचे होते आणि तिच्या गुणांवर, तिच्या प्रवर्गातून, ते होण्यासारखे होते. प्रवर्ग एनटी-डी, म्हणजे भटक्या जमाती (ड). जातीचे प्रमाणपत्र होते, वैधता नव्हती, म्हणजे पडताळणी समितीने ते खरे ठरवल्याचे प्रमाणपत्र नव्हते. ‘परीक्षा होऊ दे, मग पडताळणीचे बघू’ असे तिला कुणीतरी सांगितले होते. परीक्षा झाली. अर्जासोबत वडिलांचे वंशावळीचे शपथपत्र लागते, आणि वडील कर्नाटकातल्या कारखान्याच्या उसाच्या फडात. ते एप्रिलच्या शेवटी आले. मग पुरावा शोधायचा. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीची नोंद दाखवावी लागते. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. पणजोबांच्या भावाची नोंद दुसऱ्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असल्याचे एका म्हाताऱ्या नातेवाइकाने सांगितले. तोवर शाळेला सुट्टी लागलेली. जूनमध्ये निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या त्या नोंदीची प्रत मिळाली, अर्ज गेला, पावती आली. पावतीवर जागा लागली. दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आले नाही आणि तिचा दावा खुल्या प्रवर्गात मोजला गेला. जागा गेली.

ती आता इथेच बी.एस्सी. करते. मन लावून करते. बी.एस्सी. चांगलीच आहे, पण तिने ती निवडली नव्हती. तिची निवड एका कागदाने केली, आणि तो कागद अकरावीच्या उन्हाळ्यात सहज होण्यासारखा होता.

सर, मॅडम, आपल्या भागात बारावीचे वर्ष जूनला सुरू होऊन मेमध्ये संपत नाही. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला, कोयत्यावर जातात त्यांच्यासाठी ते दसऱ्याला संपते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या लागतात आणि घरातली मोठी माणसे निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ज्या कागदावर वडिलांची सही लागते, ज्या कार्यालयात वडिलांनी उभे राहावे लागते, ते सगळे त्याच्या आत झाले पाहिजे. मागे राहते आजी, जिला सही येत नाही, आणि सतरा वर्षांचे पोर, ज्याने डोळे पुस्तकात ठेवावेत अशी आपली सगळ्यांची अपेक्षा आहे.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी विनंती : वर्गातल्या प्रत्येक मुलाला या आठवड्यात विचारा की कुठले कागद हातात आहेत. जातीचे प्रमाणपत्र आहे का? वैधता आहे का? नसेल तर अर्ज केला का? विद्यार्थ्याला या अर्जासाठी महाविद्यालयाचे पत्र, प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो. ते पत्र मागायला आलेल्या मुलाला ‘पुढच्या आठवड्यात ये’ म्हणू नका. त्याच्या घरून महाविद्यालयापर्यंत यायला एस.टी.ची एकच फेरी असू शकते. पत्रे एकदाच छापून, सही करून, वर्गात वाटता येतात. तसे करणारे एक महाविद्यालय मी पाहिले आहे आणि त्या वर्षी तिथल्या मुलांची कामे माझ्याकडे सगळ्यात सोपी गेली.

पुराव्याच्या तारखा फळ्यावर लिहून द्या. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. यांच्या आधीची नोंद घरात नसेल तर शाळेचे जनरल रजिस्टर, तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), जुने खरेदीखत यांत ती सापडते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे चुलता, आत्या, चुलतभाऊ, कुणाकडे वैधता असेल तर काम पुष्कळ हलके होते. मुलांना हे ठाऊकच नसते. सख्ख्या चुलत्याकडे वैधता असूनही शंभर वर्षांपूर्वीची नोंद शोधत तीन गावे फिरलेला मुलगा माझ्याकडे आला आहे.

नॉन-क्रीमी लेयरचे, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याचे, दोन खाचखळगे सांगते, कारण त्यांत दरवर्षी मुले अडकतात. पहिला मुदतीचा. २०२५ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारे प्रमाणपत्र लागले. मोठ्या भावाच्या वेळी काढलेले, मुदत संपलेले प्रमाणपत्र घेऊन मुले येतात आणि तहसीलच्या जून महिन्यातल्या गर्दीत उभी राहतात. दुसरा नमुन्याचा. राज्याच्या प्रवेशाला चालणारे प्रमाणपत्र केंद्राच्या प्रवेशाला चालत नाही. राज्यात एनटी-सी, एनटी-डी असलेली धनगर आणि वंजारी समाजाची मुले केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत, आणि आयआयटी-एनआयटीसाठी किंवा वैद्यकीय प्रवेशाच्या नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला काढावा लागतो. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला तोही त्या वर्षाच्या १ एप्रिलनंतरचा. हा एक कागद दसऱ्याच्या आत काढून उपयोग नाही. पण एप्रिलमध्ये तो काढायचा आहे हे आत्ताच घरी सांगून ठेवता येते.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर, आईचे नाव एकीकडे माहेरचे. अर्ज भरताना पडद्यावर ‘जुळत नाही’ असे आले की पोरांचे चेहरे उतरतात. आधार दुरुस्तीला वेळ लागतो. ऑगस्टमध्ये तो वेळ असतो, मेमध्ये नसतो.

आता तारखांविषयी. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ डोळ्यांसमोर आणा. आयआयटी-एनआयटीच्या वाटेवरच्या जेईई मेनच्या जानेवारी सत्राचे अर्ज २८ ऑक्टोबरपासून २२ नोव्हेंबरपर्यंत होते, म्हणजे ऐन दिवाळीत, महाविद्यालय बंद असताना. राज्य सीईटीचे अर्ज डिसेंबरअखेर सुरू झाले. बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू होऊन १८ मार्चला संपली, आणि नीटचे अर्ज ७ फेब्रुवारी ते ७ मार्च या काळात भरायचे होते. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीचे अर्जही मार्चमध्येच. म्हणजे भौतिकशास्त्राच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मूल माझ्या केंद्रावर रांगेत उभे असते, फोटो किती केबीचा हवा ते विचारत. सर्व्हर चालत नाही. ते रडकुंडीला येते. मी त्याला घरी पाठवते आणि रात्री अकराला अर्ज भरते, पण त्यासाठी ओटीपी लागतो, आणि ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो, आणि फडात रेंज नसते.

या ओटीपीने केलेले नुकसान मी इतके पाहिले आहे की त्यावर थोडे थांबते. बहुतेक मुलांच्या अर्जावर स्वतःचा नंबर नसतो. वडिलांचा असतो, मामाचा असतो, कधी भरून देणाऱ्याचा असतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही सोयीसाठी केंद्राचाच ईमेल टाकत असे. एका मुलाचे जागावाटपाचे पत्र माझ्या ईमेलमध्ये पडून राहिले, मी लग्नाला गेले होते, आणि तो जागा स्वीकारायची मुदत चुकला. तेव्हापासून मी कुणाच्याही अर्जावर केंद्राचा ईमेल टाकलेला नाही. ही माझी चूक होती आणि ती मी उघडपणे लिहिते आहे, कारण ही चूक अनेक ठिकाणी आजही होत असेल. प्रत्येक मुलाचा स्वतःचा ईमेल आणि वर्षभर चालू राहील असा एक नंबर असावा, पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला असावा. संगणक प्रयोगशाळेतला एक तास या कामाला दिला तरी पुरतो.

विज्ञानाविषयी फार लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. एवढेच, की राज्य सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत, अभ्यासक्रमाचा वीस टक्के भार अकरावीवर आणि ऐंशी टक्के बारावीवर आहे, हे परीक्षेच्या दाराशी पोचलेल्या मुलांनाही ठाऊक नसल्याचे मी पाहिले आहे. नीटला उलट एक गुण कापतात. ‘सीईटी चांगली गेली की बोर्डाला काही नाही’ असा समज पसरला आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला भौतिक, रसायन, गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ आणि मागास प्रवर्गाला ४० टक्के बारावीत लागतात. एनआयटीला ७५, अनुसूचित जाती-जमातींना ६५. राहुरी, परभणी, अकोला, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या बी.एस्सी. ॲग्रीची वाट सीईटीवरूनच जाते. शेतकऱ्यांच्या पोरांना हे फेब्रुवारीत कळते.

कला आणि वाणिज्यच्या वर्गांत जाऊन बोला, अशी माझी मनापासून विनंती आहे. तिथे प्रवेश परीक्षा हा शब्दच कुणी उच्चारत नाही. बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना २०२४ पासून सीईटी आली. पहिल्या वर्षी कितीतरी मुलांना ती होऊन गेल्यावर कळले. जागा रिकाम्या राहिल्या आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. पाच वर्षांच्या वकिलीला राज्याची वेगळी सीईटी आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट तर बारावीच्या डिसेंबरमध्येच होते, २०२४ साली १ डिसेंबरला झाली, आणि तिचे अर्ज ऑक्टोबरमध्येच बंद झाले. असे एक विद्यापीठ आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरला आहे. माझ्या अकरा वर्षांत क्लॅटचा अर्ज भरायला एकच मुलगा आला, तोही त्याचा मामा वकील म्हणून. सीयूईटी तेरा भाषांतून देता येते, त्यांत मराठी आहे. कला शाखेतली हुशार मुलगी मराठीतून परीक्षा देऊन दिल्ली किंवा हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठाचा अर्ज करू शकते, हे तिला वर्गात कुणीतरी एकदा म्हणायला हवे. ती गेली नाही तरी चालेल. दार आहे हे कळायला हवे.

तुमच्यातले काही जण म्हणतील की मुले वर्गात येतात कुठे. खरे आहे. नाव इथे आणि मूल लातूरला किंवा नांदेडला, हे मला अर्जावरून कळतेच. पण ज्यांना ते परवडते त्यांना क्लासवाले तारखा सांगतात, कागद करून घेतात. तुमच्या बाकावर जी रोज येऊन बसतात त्यांना सांगणारे तुमच्याशिवाय कुणी नाही.

पैशाचेही बोलायला हवे. भीतीपोटी मुले दिसेल तो अर्ज भरतात. २०२५ साली नीटचे शुल्क ओबीसीला १६०० रुपये होते, राज्य सीईटीचे खुल्या प्रवर्गाला १००० आणि मागास प्रवर्गाला ८००. ज्या मुलाला जीवशास्त्र नकोसे आहे त्याने नीटचा अर्ज भरला तर ते पैसे मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून जातात. कुणी काय द्यायचे आणि काय सोडायचे, हे ऑक्टोबरच्या आत प्रत्येक मुलाशी पाच मिनिटे बोलून ठरवता येते. आणि मुलींच्या आईवडिलांना एक गोष्ट स्वतः सांगा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या पात्र प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ते नाही. ‘पोरीला इंजिनिअरिंगचा खर्च झेपणार नाही’ असे म्हणत तिला इथेच ठेवणारे बाप माझ्याकडे दाखल्यासाठी येतात. मी त्यांना हे सांगते तेव्हा ते माझ्याकडे बघत राहतात. मग विचारतात, ‘ताई, हे आधी कुणी का नाही सांगितलं?’ तोवर विकल्प, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम, भरायची मुदत संपलेली असते.

विकल्प अर्जाविषयी एवढेच सांगते. इंजिनिअरिंगच्या २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घेणे बंधनकारक होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे क्रम हाच निर्णय. आणि मुले माझ्यासमोर बसून म्हणतात, ‘मॅडम, तुम्हीच भरा काहीतरी.’ कुणाच्या पुढच्या चार वर्षांचा क्रम मी कसा लावणार? मला त्या मुलाचे गणित ठाऊक नाही, त्याला घर सोडून राहवते का ते ठाऊक नाही, वसतिगृह न मिळाल्यास पुण्यात खोलीचे भाडे कोण देणार ते ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असते. मागच्या वर्षांचे कट-ऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. सीईटी झाल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत, वर्गशिक्षकांनी चार दिवस बसून मुलांना स्वतःच्या हाताने वहीत वीस नावे लिहायला लावली तर निकालानंतर ती माझ्याकडे वही घेऊन येतील. नुसती कॅरीबॅग घेऊन नव्हे.

हे सगळे तुमच्या कामाच्या यादीत लिहिलेले नाही, हे मी जाणते. पेपर तपासणी, निवडणुकीचे काम, तासिका तत्त्वावरचे सहकारी, अनुदानाची चिंता, सगळे ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ शिक्षक आहे. तरीही मागते आहे, कारण तुमचा एक तास वाचवतो तेवढे माझे दहा तास वाचवू शकत नाहीत. मी कागद भरू शकते, तारीख मागे नेऊ शकत नाही.

दसऱ्याच्या आधीचा कोणताही एक शनिवार मला द्या. पालकांना बोलवा, वडील घरी असतानाच. मी लॅपटॉप, स्कॅनर आणि प्रिंटर घेऊन येते, शपथपत्राचे कोरे नमुने आणते, सोबत माझ्यासारखेच काम करणाऱ्या दोन बहिणी येतील. त्या दिवसाचे सेवाशुल्क मी घेणार नाही, शासनाचे जे काही लागेल तेवढेच पालकांनी द्यावे. तुमच्याकडून एक खोली, चालू वीज आणि सही-शिक्क्यासह तुम्ही स्वतः, एवढे हवे. आणि आदल्या दिवशी मुलांना सांगा की घरी जाऊन आजोबांना, आजोबा नसतील तर भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या : शाळेत कोण गेले होते, कोणत्या गावच्या, आणि साधारण कोणत्या साली.

आपली नम्र,
एका सेवा केंद्राची चालक,
जिल्हा बीड